कर्बोदके कमी केली आणि थंडी वाजू लागली

पोळी, भाकरी, भात आणि साखर कमी केल्यापासून सारखी थंडी वाजते, हातपाय गार पडतात, अशा तक्रारीची पत्रे या वेळच्या टपालात बरीच होती. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. तक्रार वरवर एकच दिसली, तरी चौघांच्या थंडीचे मूळ निरनिराळे आहे आणि त्यांपैकी दोन पत्रांत तर थंडी हा दुय्यम भाग आहे, म्हणून उत्तरे स्वतंत्र दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून शाकाहारी आहे. तीन महिन्यांपूर्वी माझे वजन ७४ किलो होते, ते आता ६६ किलो झाले आहे. पोळी, भाकरी, भात, बटाटा, डाळी, उसळी आणि फळे पूर्ण बंद आहेत. सकाळी बिनसाखरेचा चहा व पंधरा बदाम, दुपारी दीडशे ग्रॅम पनीर व दह्यातली काकडीची कोशिंबीर, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री भाज्यांचे पातळ सूप व त्यात दोन चमचे तूप, एवढाच आहार आहे. वजन उतरल्याचा आनंद आहे. पण ऑक्टोबरात घरातले सगळे पंख्याखाली बसत होते तेव्हाही मी शाल पांघरून असे, आणि आता सकाळच्या वर्गात खडू धरताना बोटे आखडतात. केसही फार गळतात, त्यासाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू आहेत. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) योग्य मर्यादेत, तर टी-३ किंचित कमी आला. जाऊबाई म्हणतात, पीठ सोडले की अंगातली ऊब जाते. थायरॉइडची गोळी सुरू करावी, की हा आहारच सोडावा? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपण दिवसभराचा आहार नीट लिहून पाठवलात हे फार बरे झाले, कारण उत्तर त्यातच आहे. दोन कप चहा, बदाम, पनीर, कोशिंबीर, सूप आणि तूप यांची बेरीज साधारण आठशे कॅलरी होते. मधल्या वेळी तोंडात टाकलेले चार दाणे धरले, तरी ती हजारापलीकडे जाणार नाही. बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने सोळाशे ते सतराशे कॅलरींच्या दरम्यान धरली आहे, आणि आपण तर वर्गात तासन्‌तास उभ्या असता. म्हणजे आपण पीठ सोडले एवढेच घडलेले नाही. जवळजवळ अर्धे जेवणच सोडले गेले आहे आणि ते आपल्या लक्षात आलेले नाही. कर्बोदके कमी केल्यावर भूक मंदावते, हा या आहाराचा गुण म्हणून सांगितला जातो. तोच गुण येथे अंगाशी आला आहे.

पोटात कमी जाऊ लागले की शरीर खर्चाला कात्री लावते, आणि त्याचा सर्वांत मोठा खर्च अंग ऊबदार ठेवण्याशीच निगडित असतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगात सापडते. ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निमपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. १९४५ च्या ऐन उन्हाळ्यात हे तरुण थंडी वाजते म्हणून जादा पांघरुणे मागत असत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्या ताटात बटाटा, पाव, सलगम आणि मॅकरोनी होती. त्यांच्या आहारात पिष्टाला तोटा नव्हता, तोटा होता तो एकूण अन्नाला, आणि तरीही ते गारठले. जाऊबाईंचे म्हणणे या एका कसोटीवर तरी पूर्णपणे उतरत नाही.

मात्र ते अगदीच निराधार आहे असेही नाही. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक तयार करते आणि त्याचे अधिक क्रियाशील अशा टी-३ मध्ये रूपांतर यकृतात व इतर पेशींत होते. अंगातील उष्णता बऱ्याच अंशी या टी-३ वर अवलंबून असते. उपासमारीत हे रूपांतर मंदावते, आणि कर्बोदके अगदीच नाहीशी झाली तर ते अधिकच मंदावते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्थूल व्यक्तींच्या लहान गटाला आठशे कॅलरींचा आहार देण्यात आला होता. त्यात कर्बोदके मुळीच नव्हती तेव्हा टी-३ जवळजवळ पूर्ण उपवासाइतका घसरला. त्याच आठशे कॅलरींत किमान पन्नास ग्रॅम कर्बोदके होती तेव्हा तो फारसा घसरला नाही. आपला आहार नेमका पहिल्या गटासारखा आहे. अन्न निम्मे आणि त्यात पीठ शून्य, अशी दुहेरी काटछाट झाली आहे.

म्हणून थायरॉइडच्या गोळीचे उत्तर ‘नको’ असे आहे, निदान आजच्या कागदांवरून तरी. टीएसएच योग्य आणि टी-३ थोडा कमी, हे चित्र बहुधा ग्रंथीच्या आजाराचे नसून शरीराने आपणहून धरलेल्या काटकसरीचे असते. अशा वेळी बाहेरून गोळी दिली तर स्नायू अधिक झिजतात, छातीत धडधड होते आणि चाळिशीनंतरच्या स्त्रीची हाडेही ठिसूळ होऊ शकतात. अर्थात येथे एक अडचण आहे आणि ती आपल्या बायोटिनच्या गोळ्यांची आहे. केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिनचे प्रमाण रोजच्या गरजेच्या कित्येक पट असते आणि काही यंत्रांवरील रक्ततपासण्यांत ते थेट लुडबुड करते : टीएसएच आहे त्यापेक्षा कमी आणि टी-३, टी-४ आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. याचा अर्थ, आपला टीएसएच प्रत्यक्षात वाढलेला असूनही कागदावर योग्य दिसला असण्याची शक्यता उरते. बायोटिन तीन दिवस पूर्ण बंद ठेवून, प्रयोगशाळेला तसे सांगून टीएसएच आणि टी-४ पुन्हा तपासून घ्यावेत. त्यात टीएसएच खरोखर वाढलेला आढळला, म्हणजे ग्रंथी मंद पडल्याची खूण दिसली, तर गोळीचा विचार डॉक्टर करतील. एरवीही त्या गोळ्यांचा उपयोग शंकास्पद आहे. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पुरेसे खाणे सुरू झाल्यावर ते सहसा भरून येतात.

दुसरी तपासणी लोहाची करावी आणि ती करताना केवळ हिमोग्लोबिनवर थांबू नये, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहावे. लोह कमी पडले की रक्तातून प्राणवायू कमी पोहोचतो आणि थंडीत उष्णता निर्माण करण्याची क्षमताही खालावते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा आपण त्यातून सुटला असाल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. शाकाहारी मराठी घरात कर्बोदके बंद करण्याचा एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे लोह येते ते बाजरी, मटकी, हरभरा, मसूर अशा धान्या-कडधान्यांतून, आणि कर्बोदकांच्या नावाखाली नेमके तेच ताटातून जाते. त्यांच्या जागी येते पनीर. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, तर तेवढ्याच पनीरमध्ये एक मिलिग्रॅमही नसते, शिवाय त्यातील कॅल्शियम इतर अन्नातील लोह शोषले जाण्याच्या आड येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खाण्याची आपली रीत आहे. बाजरी ‘उष्ण’ असते की नाही या वादात मी पडत नाही. तिच्यातले लोह आणि कॅलरी मात्र मोजता येतात. त्याच रक्ताच्या नमुन्यात बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे, कारण बोटे बधिरही होत असतील, तर त्यामागे ते कमी असणेही असू शकते.

मिठाविषयी थोडक्यात. कर्बोदके कमी झाली की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे सोडियम व पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकू लागतात. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखरही संपते आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात वजन झरकन उतरते ते यामुळे. रक्ताचे एकूण आकारमान घटले की शरीर त्वचेकडील रक्तपुरवठा आखडता घेते आणि हातपाय गार पडतात. उठून उभे राहताना अंधारी येत असेल तर हे कारणही जोडीला आहे असे समजावे. आपला रक्तदाब योग्य असेल आणि मूत्रपिंडांचा विकार नसेल, तर सूप अळणी पिऊ नये, दुपारी मीठ घातलेले ताक किंवा बिनगुळाचे कोकम सार घ्यावे. मीठ आयोडीनयुक्तच असावे. या आहाराबरोबर सैंधव वापरण्याची एक लाट आली आहे, पण सैंधवातील नैसर्गिक आयोडीन नगण्य असते आणि थायरॉइडला कच्चा माल म्हणून आयोडीनच लागते.

आता आहार सोडावा का? सोडायला हवा असे मला वाटत नाही. तो आहे त्यापेक्षा बराच सैल करावा. दुपारी ज्वारीची किंवा बाजरीची एक मध्यम भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ घेतली, तर दोन्ही मिळून कर्बोदके साधारण पन्नास ग्रॅम होतात. दही, भाज्या, एखादा पेरू धरला तरी दिवसाचा आकडा शंभराच्या आत राहतो. पूर्वीच्या चार पोळ्या आणि भाताच्या मानाने हा आहार कमी कर्बोदकांचाच आहे. उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये, म्हणजे लोह अंगी लागते. रात्रीच्या सुपाला जेवण म्हणू नये. त्याबरोबर सोयाबीनचे तुकडे, मूगडाळीचे धिरडे किंवा उरलेले पनीर असावे, कारण आपल्याला रोज पन्नास-पंचावन्न ग्रॅम प्रथिने हवीत आणि सध्या पस्तीसच्या आसपास मिळत आहेत. प्रथिने पचवताना त्यांतील वीस ते तीस टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, तुपाच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंतही जात नाही, म्हणून जास्तीच्या तुपाने ऊब वाढेल या आशेवर राहू नये. वजन आता हळू उतरेल. काही आठवड्यांत थंडी कमी झाली नाही, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : वय ५८, दहा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या तसेच रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल सुरू आहे. दीड महिन्यापूर्वी मुलाच्या सांगण्यावरून भात-पोळी बंद केली. साखर छान उतरली, म्हणून डॉक्टरांकडे गेलो नाही. मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक दुपारी जेवणाआधी, एकाएकी हुडहुडी भरते, अंग घामाने चिंब होते आणि काही सुचेनासे होते. आल्याचा चहा घेऊन पडून राहतो. पावले तर कायमच गार वाटतात. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. (एक निवृत्त कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : आपण लिहिता ती थंडी नसून रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची खूण असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हे वाचून होताच आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा. ग्लिमेपिराइड ही गोळी आपण जेवलात की नाही हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. पूर्वीच्या भात-पोळीच्या हिशेबाने ठरवलेली मात्रा आताच्या जेवणाला फार जड झाली आहे. मेटोप्रोलॉलमुळे छातीतील धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही, म्हणून आपल्याला घाम आणि गारवाच तेवढा जाणवतो. याच गोळीने एरवीही हातपाय गार पडू शकतात.

असा झटका आल्यास प्रथम ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७० च्या खाली असल्यास, किंवा यंत्र जवळ नसल्यास न पाहताही, चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बिनसाखरेच्या आल्याच्या चहाचा अर्थातच काही उपयोग नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे, हे घरातल्या माणसांनाही सांगून ठेवावे.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असताना कर्बोदके फार कमी करणे हे आणखी जोखमीचे आहे. या गटातील औषधांमुळे चरबीच्या ज्वलनातून तयार होणारी कीटोन आम्ले रक्तात साठण्याचा धोका असतो आणि पीठ बंद केल्याने तो वाढतो. त्यातही फसवी गोष्ट अशी की त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसल्यास साखरेच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये. गोळ्यांची मात्रा आपण होऊन बदलू नये, पण डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत दर जेवणात एखादी पोळी किंवा वाटीभर भात पुन्हा सुरू करावा आणि कोणतेही जेवण चुकवू नये.

आता पावलांविषयी. त्यांना घरातल्या कोणाला तरी हात लावून पाहायला सांगावे. हाताला पाय कोमट लागत असतील आणि आपल्याला मात्र गार वाटत असतील, तर दोष रक्तपुरवठ्यात नसून मज्जातंतूंत आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तो होतो, आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतल्याने बी-१२ कमी होऊनही होतो. पाय खरोखर गार असतील, विशेषतः एकच पाय गार असेल किंवा चालताना पोटरी दुखत असेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. कारण काहीही असो, गरम पाण्याची पिशवी आजच बंद करावी. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही, आणि मधुमेहातील भाजलेली जखम कित्येकदा बोट गमावण्यापर्यंत जाते. सैल लोकरी मोजे पुरेसे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची असून पुण्यात वसतिगृहात राहते. उंची १६० सेंटिमीटर, वजन ४४ किलो. गेले वर्षभर ती ‘कार्ब नको’ म्हणून धान्याला शिवत नाही. चार महिने पाळी आलेली नाही, हातांवर बारीक लव आली आहे आणि दिवसाही दोन-दोन स्वेटर घालते. दिवाळीत घरी आली तेव्हा ताटावरून भांडण झाले. तिला आळिवाचे आणि डिंकाचे लाडू करून पाठवू का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, लाडू जरूर करा, पण तो यावरचा उपाय नाही. तिच्या उंचीच्या मानाने हे वजन निरोगी मर्यादेच्या बरेच खाली आहे, आणि पाळी थांबणे, लव येणे व सतत थंडी वाजणे ही तिन्ही एकत्र आली म्हणजे शरीर दीर्घ उपासमारीत आहे असेच समजावे लागते. कर्बोदके हे येथे केवळ निमित्त दिसते. बरेचदा खाण्याविषयीची भीती अशा एखाद्या आहारपद्धतीचे नाव घेऊन वावरते. तिला या आठवड्यातच फिजिशियनकडे न्यावे आणि नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फरस तपासून घ्यावेत. नाडी पन्नासच्या खाली असेल किंवा ती चक्कर येऊन पडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. फार काळ उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातल्याने हे क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.

मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत लागेल, आणि तसे सांगताना ‘तुला वेड लागले आहे का’ हा सूर घरातल्या कोणाच्याही तोंडून निघू नये. जवळ कोणी नसल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. वजनाचा आकडा आणि ताट हे दोन विषय तूर्त भांडणातून वगळावेत; तिला वाजणारी थंडी आणि थांबलेली पाळी यांवर बोलणे अधिक सोपे जाईल, कारण त्यांचा त्रास तिलाही होतच असणार.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून कॅनडात एडमंटन येथे राहतो. कर्बोदके कमी केली आहेत, पण मटण, मासे, अंडी भरपूर खातो आणि वजन स्थिर आहे. या हिवाळ्यात बाहेर पडलो की बोटे पांढरीफटक होतात, मग निळी, आणि घरात आल्यावर लाल होऊन ठणकतात. हा आहाराचा परिणाम आहे का? (एक संगणक अभियंता)

उत्तर : आहाराचा दिसत नाही. आपण राहता त्या कॅनडाच्याच उत्तरेकडील इन्युइट लोक पूर्वी जवळजवळ केवळ सील, मासे आणि चरबी यांवर जगत आणि त्या थंडीत टिकून राहत. अर्थात ते भरपूर खात असत. आपलेही खाणे पुरेसे आहे असे दिसते. बोटांचे रंग या क्रमाने बदलणे हे रेनॉ विकाराचे लक्षण आहे, ज्यात थंडीने बोटांतील लहान धमन्या प्रमाणाबाहेर आकुंचन पावतात. तो बहुधा निरुपद्रवी असतो आणि तरुण वयातच सुरू होतो. तिशीनंतर प्रथमच दिसला, तर त्यामागे संधिवाताच्या गटातील एखादा आजार नाही ना, हे पाहावे लागते. सांधे दुखणे, बोटांची त्वचा ताठरणे किंवा टोकांना जखमा होणे असे काही असल्यास संधिवाततज्ज्ञांना लवकर भेटावे. सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या किंवा सिगारेट यांची सवय असेल तर ती सोडावी, कारण दोन्हींनी धमन्या आणखी आवळतात. चारही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा अधिक ऊब देतात, आणि केवळ हात झाकून भागत नाही, छाती-पोटही गरम राहिले पाहिजे. पुढच्या वेळी बोटे पांढरी होतील तेव्हा त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग पूर्ववत होतो आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.